चाकणची ऑफर, तीन पेमेंट आणि एक पीडीएफ: एका खोट्या नोकरीचं पूर्ण प्रकरण

मुलगा करमाळा तालुक्यातला, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, माझ्या चुलत बहिणीचा, मला मामा म्हणतो. त्याला चाकणच्या एका मोठ्या गाड्यांच्या कंपनीचं ऑफर लेटर आलं, पगार महिना २८,५००, आणि जॉइनिंगच्या आधीच तीन वेळा मिळून १५,५५० रुपये त्याच्याकडून गेले. चौथ्यांदा १८,५०० मागितले तेव्हा घरात पैसे शिल्लक नव्हते म्हणून त्याने मला फोन केला, "मामा, साडेअठरा हजार पाठवता का, पहिल्या पगारात परत येणारेत", आणि तिथे गाडी थांबली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तिचा यात काडीचाही संबंध नव्हता, तिचंच नाव चोरलं होतं. मी स्वतः एका कारखान्यात पेरोल बघतो, त्यामुळे ती पीडीएफ माझ्या रोजच्या कामातलीच वस्तू होती, म्हणून हे जरा तपशिलात लिहितोय.

नातेवाइकांत पहिली रिअ‍ॅक्शन ठरलेली, एवढं शिकलेलं पोरगं आणि एवढं कळलं नाही? मला हे पटत नाही. पोराने चेक केलं होतं. यूट्यूबवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे सल्ले फिरतात ना, की मेल जीमेलवरून आलाय का बघा, स्पेलिंग चुकलंय का बघा, जीएसटी नंबर टाकून बघा, ते सगळं त्याने बघितलं आणि सगळ्यात ऑफर पास झाली. माझ्या मते या प्रकरणात शिकण्यासारखं आहे ते इथेच.

सुरुवात नेहमीचीच. डिप्लोमाचे निकाल लागले की पोरं सगळ्या जॉब पोर्टलवर रेझ्युमे टाकतात आणि 'डिप्लोमा जॉब्स पुणे' टाइपच्या दहा-बारा ग्रुपमध्ये तो रेझ्युमे स्वतःच्या हाताने फेकतात. आपल्याकडच्या रेझ्युमेत काय नसतं, मोबाइल, जन्मतारीख, वडिलांचं नाव, पूर्ण पत्ता पिनकोडसकट, सगळ्या सेमिस्टरचे टक्के. त्यामुळे फोन करणाऱ्या बाईंना त्याचे शेवटच्या सेमिस्टरचे टक्के माहीत होते यात जादू काही नव्हती, पण त्याला वाटलं की कॉलेजकडून लिस्ट गेलीय. बाई हिंदी मिसळलेल्या मराठीत बोलायच्या आणि त्याला 'सर' म्हणायच्या. एकवीस वर्षाच्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सर म्हणतंय, हे लहान वाटतं पण लहान नाहीये.

मग व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू. त्यांचा कॅमेरा बंद, "नेटवर्क इश्यू आहे सर, तुमचा चालू ठेवा". पण प्रश्न खरे होते. फाइव्ह एस म्हणजे काय, पोका योके कशाला म्हणतात, जी शून्य शून्य आणि जी शून्य एकमध्ये फरक काय, फर्स्ट अँगल प्रोजेक्शनचं चिन्ह कसं असतं. त्याने रात्रभर बसून तयारी केलेली, सगळी उत्तरं बरोबर दिली, एक चुकलं तर त्यांनी दुरुस्त पण केलं! "इंटरव्ह्यू घेतला मामा त्यांनी, नुसतं फोन करून ऑफर नाही दिली", हे तो मला शेवटपर्यंत सांगत होता. नोकरी फुकटात हातात पडली असती तर त्याला शंका आली असती, इथे त्याला वाटलं की मी ती कमावलीय, आणि कमावलेल्या गोष्टीवर माणूस शंका घेत नाही.

दोन दिवसांनी लेटर. घरी पेढे वाटले, ताईने स्टेटसला फोटो ठेवला, गावातल्या सोसायटीच्या चेअरमनने शाल घातली. लेटरसोबत बाईंचा मेसेज, डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनचे १,२५० भरा, रिफंडेबल आहेत. भरले. आठवड्याने मेडिकल, गेट पास आणि सेफ्टी शूजचे ४,८००, तेही रिफंडेबल. भरले, दुधाचं दहा दिवसाचं बिल नुकतंच जमा झालं होतं त्यातून. त्यानंतर सिक्युरिटी डिपॉझिट ९,५००, आज पाच वाजेपर्यंत नाही भरलं तर सीट वेटिंगवाल्याला जाईल. हे ताईने बचत गटातून उचलून दिले. आणि त्याच दिवशी संध्याकाळी कंपनी क्वार्टरचा बाँड, १८,५००.

आता हा क्रम बघा. १,२५० हा आकडा असा आहे की गेला तरी कोणी रडत नाही. आणि प्रत्येक रक्कम परत मिळणार म्हणून सांगितलीय, म्हणजे दुसऱ्यांदा नाही म्हणायचं तर पहिले १,२५० बुडतात, तिसऱ्यांदा नाही म्हणायचं तर सहा हजार बुडतात. पुढचं पेमेंट नोकरीसाठी कमी आणि आधीचे पैसे वाचवायला जास्त होत जातं. मटक्यावर बसलेला माणूस पुढचा आकडा ज्या हिशेबाने लावतो तोच हिशेब.

पण मूळ प्रश्न, नोकरीसाठी पैसे मागितले तेव्हाच डोक्यात घंटा का नाही वाजली? सगळीकडे लिहिलेलं असतं की खरी कंपनी पैसे मागत नाही. हे वाक्य बरोबर आहे, आणि आपल्याकडच्या पोरांना ते खरं वाटत नाही. कारण त्याच्याच बॅचचे मित्र चाकणला, रांजणगावला, वाळूजला कन्सल्टन्सीमार्फत लागलेत, आणि कोणी अर्धा पगार दिलाय, कोणी रजिस्ट्रेशनचे पैसे, कोणी बुटांचे. लेबर कॉन्ट्रॅक्टरची पोरं बिनधास्त पैसे घेतात आणि नोकरी लागते पण! ते चूकच आहे, पण चालतं हे सगळ्यांना माहितीये. दाजी मला म्हणाले, "पाहुणं, हल्ली फुकट कोण लावतंय? शेजारच्याचं पोरगं वीस हजार देऊन लागलं की." या घरात जाऊन 'पैसे मागितले म्हणजे फ्रॉड' असं सांगितलं तर ते तुम्हालाच भोळा समजतील. फरक कुठे बघायचा तर त्या कन्सल्टन्सीवाल्याचं चौकात एक गाळ्याचं का होईना ऑफिस असतं, तो बहुतेक वेळा गेट पास हातात पडल्यावर पैसे घेतो, आणि काही झालं तर जाऊन त्याची कॉलर धरता येते. इथे कोणाची धरणार?

तर त्या रात्री मी त्याला म्हटलं पैसे राहू दे, आधी लेटर पाठव. लेटरहेड सुंदर, लोगो खरा, प्लँटचा पत्ता अगदी गट नंबरसकट खरा, गोल शिक्का, सही. सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, खरा. जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, पंधरा अक्षरी, आणि पोर्टलवर टाकला तर त्याच कंपनीचं नाव येतं, कारण तो त्या कंपनीचाच आहे, कुठल्यातरी बिलावरून उचललेला. त्याने हे चेक केलं होतं आणि नाव आलं म्हणून खूश झाला होता. नंबर खरा निघाला म्हणजे कागद खरा, असं होत नाही हो, नंबर तर कोणीही छापेल.

मग मी पगाराच्या ब्रेकअपवर आलो आणि तिथे मला हसू आलं खरं तर. ग्रॉस २८,५००. पीएफ १,८००, म्हणजे १५,००० बेसिकवर बारा टक्के, बरोबर. त्याखाली ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची, कपात २१४ रुपये. आता ईएसआयसीची मर्यादा महिना २१,००० आहे, त्याच्या वर पगार असलेला नवीन माणूस त्यात येतच नाही. यांनी पाऊण टक्का बरोबर काढलाय, २८,५०० चे पाऊण टक्के म्हणजे २१४च, पण लावायचा कोणाला हे माहीत नाही. पुढे प्रोफेशनल टॅक्स २५० दर महिना. महाराष्ट्रात तो २०० असतो आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० व्हावेत म्हणून, हे पेरोलमध्ये आठवडाभर बसलेल्या पोराला पण पाठ असतं. हजारो लोकांचे पगार काढणारी कंपनी या दोन ओळी चुकवणार नाही. इंग्रजी मात्र एकदम शुद्ध होतं, माझ्या ऑफिसच्या लेटरपेक्षा चांगलं. त्यामुळे स्पेलिंग मिस्टेक शोधायचा सल्ला आता विसरा, ज्याला मराठी धड येत नाही तोही आज मोबाइलवर दोन मिनिटांत परफेक्ट लेटर बनवतो.

हे मला दिसलं कारण माझं ते काम आहे, सगळ्यांना नाही दिसणार, मान्य. पण गावात ओळखीत एक तरी माणूस कंपनीत असतो, त्याला लेटर दाखवायला काय जातं? याने नाही दाखवलं कारण बाईंनी सांगितलं होतं की ऑफर कॉन्फिडेन्शियल आहे, शेअर केली तर कॅन्सल होईल. पेढे वाटले चालतात आणि लेटर दाखवलेलं चालत नाही, ही काय अट झाली? कुठलीही कंपनी तुम्हाला घरच्यांना लेटर दाखवू नका म्हणून सांगत नाही.

मेलचं बघू. जीमेल नव्हतं. कंपनीच्या नावापुढे एक रेघ, मग 'करिअर्स' आणि डॉट इन. डोमेन विकत घ्यायला वर्षाला काहीशे रुपये लागतात, जीमेल नाही हा काही दाखला नाही. मी हूइजवर, म्हणजे डोमेन कधी घेतलं ते दाखवणाऱ्या साइटवर, टाकून बघितलं, डोमेन जेमतेम महिन्यापूर्वी घेतलेलं. कंपनी कितीतरी वर्षं जुनी आणि तिची भरतीची साइट महिनाभराची. एवढं एक बघितलं असतं तरी पुरलं असतं, आणि हे बघायला फुकट आहे.

पण मला सगळ्यात जास्त राग आला तो पेमेंटच्या स्क्रीनशॉटवर. यूपीआयने क्यूआर स्कॅन केला की पैसे जायच्या आधी समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं. पहिल्या दोन पेमेंटला तिथे एका माणसाचं नाव, आडनावावरून परराज्यातला वाटतो. तिसरं आयएमपीएसने, भलत्याच बँकेत, कुठल्याशा ट्रेडर्सच्या खात्यात. त्याने नाव बघितलं होतं. विचारलं पण होतं! उत्तर मिळालं, "ते आमचे नोडल अकाउंट्स ऑफिसर आहेत सर, रिफंड त्यांच्याकडूनच होतो म्हणून." हजारो कोटींची कंपनी बुटांचे पैसे कोणा एकाच्या सेव्हिंग खात्यात घेईल का, हा प्रश्न त्याला पडला होता, फक्त ज्याने विचारायचा त्यालाच विचारला. लेटर, लोगो, शिक्का, इंटरव्ह्यू सगळं नकली बनवता येतं, पण पैसे शेवटी कुठल्यातरी खात्यात घ्यावेच लागतात आणि कंपनीच्या नावाचं खातं त्यांना उघडता येत नाही. त्यांचा सगळा देखावा तिथेच उघडा पडतो आणि पैसे जायच्या आधी पडतो.

रात्रीची वेळ, तरी कंपनीच्या खऱ्या साइटवरचा बोर्ड नंबर लावला, लेटरवरचा नाही हे महत्त्वाचं, लेटरवरचा लावला तर त्याच बाई उचलणार. सिक्युरिटी ऑफिसने उचलला. तो माणूस कंटाळल्यासारखा म्हणाला की "साहेब, असे पोरं बॅगा घेऊन गेटवर येतात आमच्या." करिअर पेजवर खाली बारीक अक्षरात सूचना पण होती, आमच्या नावाने पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा म्हणून.

मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. इथे ताई-दाजींची वेगळीच अडचण, "आता गावात काय सांगायचं? शाल घातलीय लोकांनी." तक्रार नकोच म्हणत होते, पंधरा हजार गेले समजू. मी जरा आवाज चढवून बोललो, कारण तिसरं पेमेंट त्याच दुपारचं होतं आणि अशा वेळी तास मोजायचे असतात. १९३० वर ते काय विचारतात ते तयार ठेवा, कुठल्या बँकेतून गेले, तारीख-वेळ, रक्कम, आणि बारा आकडी यूटीआर नंबर जो पेमेंट अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर टॅप केलं की दिसतो. आमच्याकडे स्क्रीनशॉट अर्धवट कापलेले, दोन नंबर शोधण्यात वेळ गेला. फोनवर पावती क्रमांक मिळाला, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर पूर्ण तक्रार भरली, लेटर, चॅट, क्यूआर सगळं अपलोड. चॅट डिलीट करू नका, राग आला तरी. याने बाईंना शिव्या देऊन ब्लॉक करायची तयारी केली होती, थांबवलं त्याला, आधी चॅट एक्सपोर्ट केली.

दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशन. ठाणे अंमलदार म्हणाले ऑनलाइन केलीय ना, मग बास. तसं नसतं. लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. कलमं साधारण ठरलेली असतात, फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), दुसऱ्याच्या नावाने वावरून फसवलं म्हणून ३१९(२), आणि आयटी अ‍ॅक्टचं ६६ड. आयटी अ‍ॅक्टचा तपास इन्स्पेक्टर किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, त्यामुळे पीआय साहेबांना भेटूनच या असं मी दाजींना सांगून ठेवलं होतं, आणि साहेब नीट बोलले. बँकेतही गेले, पण तिथून फार अपेक्षा नको. आरबीआयचा ग्राहकाची जबाबदारी शून्य धरणारा २०१७ चा नियम आहे तो आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी, स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशाला तो लागू होत नाही.

पैशापेक्षा मला काळजी कागदांची होती. याने आधार, पॅन, पासबुक, कॅन्सल्ड चेक, सही केलेला कोरा फॉर्म आणि "सॅलरी लिंक करायला" एटीएम कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो दिला होता. ज्या खात्यांत याचे पैसे गेले ना, ती खातीही अशाच कोणातरी पोराची असतात, कुणी महिना काही हजारांवर भाड्याने दिलेली, कुणाच्या कागदांवर परस्पर उघडलेली, आणि पोलीस पहिल्यांदा त्या पोराच्या दारात जातात. म्हणून त्याच सकाळी कार्ड ब्लॉक करून नवीन मागवलं, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, संचार साथी या सरकारी पोर्टलवर जाऊन त्याच्या नावावर किती सिम आहेत ते बघितलं आणि क्रेडिट रिपोर्ट काढला, सिबिलसारख्या प्रत्येक ब्युरोकडून वर्षाला एक फुकट मिळतो. त्याच्या नावावर कर्ज काही नव्हतं. रिपोर्ट तीन महिन्यांनी परत काढायचा आहे, इतक्यात दिसेलच असं नाही.

एक आडवी गोष्ट सांगतो. हे पैशावरून ओळखायचं सूत्र परदेशच्या नोकरीत उलटं फिरतं. तिथे इंटरव्ह्यू असाच, लेटर असंच, फक्त पैसे कोणी मागत नाही, तिकीट तेच पाठवतात बँकॉकचं, डेटा एंट्री नाहीतर कस्टमर सपोर्ट म्हणून. आणि पोरगं पोचतं थायलंडची हद्द ओलांडून म्यानमारमध्ये म्यावाडीच्या बाजूला, जिथे पासपोर्ट काढून घेऊन त्यालाच ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला बसवतात. मार्च २०२५ मध्ये थायलंडच्या हद्दीवरच्या माए सोटहून हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीय परत आणले ते याच प्रकारातले. टुरिस्ट व्हिसावर नोकरी म्हणाले की तिथेच फोन ठेवायचा, आणि एजंट असेल तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं रजिस्ट्रेशन बघायचं. रजिस्टर्ड एजंटला सर्व्हिस चार्ज ३०,००० अधिक जीएसटी एवढाच घेता येतो, त्याच्या वर मागितलं तर तेही कायद्याबाहेर. याच्या ग्रुपवर त्याच महिन्यात अशी एक जाहिरात पडलेली मी स्वतः बघितली, त्यात जेवण-राहणं फ्री लिहिलं होतं.

तक्रारीनंतर पंधरा-वीस दिवसांनी त्याला आणखी एक फोन. सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे रिकव्हर झालेत, दहा टक्के प्रोसेसिंग फी भरा. त्याला रक्कम माहीत, तारीख माहीत. आधी फसवल्या गेलेल्यांचीच यादी पुढे विकली जाते, दुसरं काय. यावेळी पोराने त्याला एकच विचारलं, पावती क्रमांक सांगा. तिकडून फोन कट. नंबर संचार साथीवरच्या चक्षू या तक्रारीच्या पानावर टाकून दिला.

पैशांचं आजचं स्टेटस असं, पहिले दोन्ही पेमेंट, मिळून ६,०५०, कधीच एटीएममधून काढले गेलेत, ते गेले. तिसरे ९,५०० त्या ट्रेडर्सच्या खात्यात होल्ड झालेत, म्हणजे गोठलेत, पण आपोआप परत येत नाहीत, त्यासाठी आम्हाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली कोर्टात जावं लागलं आणि पोलिसांचा रिपोर्ट यायचाय. अर्ज दिलाय, तारीख पडलीय. बचत गटाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेलाच असतो, तो सध्या दाजी दुधाच्या बिलातून भरतायत.